गेनबाचं हैदरजन

दोन हजार चोवीस साल. मी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा आणि गेनबा माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणजे एकाहत्तरचा. त्या साली आमच्या भरे गावात कुठल्याही लग्नात गेनबाच्या शेजारी जेवायला बसायला माणूस मिळत नव्हता. कारण एकच. वाढप्यानं पेला भरला, तुम्ही तो तोंडाला लावला, की गेनबा तुमचं मनगट धरायचा आणि म्हणायचा, "बेतानं. आग हाय त्यात."

मग ती आग पाण्यात कशी लपलेली असते, ती बाहेर कशी काढायची आणि तिच्यावर मोटार कशी पळवायची, हे सगळं भात थंड होईस्तोवर ऐकावं लागायचं. एकदा नवरदेवाच्या मामाला पाणी पिताना ठसका लागला. मामा लालबुंद, माणसं पाठीवर थापट्या मारतायत, आणि हा शांतपणे पापड मोडत म्हणतो, "बघा. म्हनलं हुतं."

गेनबाचं आडनाव आता त्याच्या मतदानाच्या कार्डावरच असेल. गाव त्याला गेनबा बॅटरी म्हणतं. भऱ्याच्या फाट्यावर त्याचं पत्र्याचं दुकान आहे. चाळीस वर्षं झाली, तो तिथं बॅटऱ्या चार्जिंगला लावतो. ट्रॅक्टरच्या, टेम्पोच्या, मांडववाल्यांच्या, आता घरोघरच्या इन्व्हर्टरच्या. माझ्या जीपची बॅटरी तीस वर्षं त्याच्याच हातची होती. मी पिरंगुट ते ताम्हिणी जीप चालवायचो. चौथी पास माणूस, पण त्या घाटाचं एकेक वळण मला सासुरवाडीच्या माणसांपेक्षा जास्त ओळखीचं. डोळे बांधून चालवली असती. कुणी बांधले नाहीत, एवढंच.

बॅटरीच्या धंद्यात ॲसिडचे शिंतोडे उडतात, आणि जिथं शिंतोडा पडला तिथं दोन धुण्यांत भोक पडतं. गेनबाच्या अंगावर धड सदरा मी उभ्या जन्मात पाहिला नाही. पुतण्याच्या लग्नात कोरा सदरा घालून निघाला आणि मांडवात पोचला तेव्हा पोटावर तीन डाग. विचारलं तर म्हणे, येताना जरा दुकानात डोकावलो.

त्याच्या खिशात कायम एक काचेची नळी असते. वर रबराचा फुगा, आत तरंगणारा खुंट. बॅटरीतलं पाणी ओढून त्यात जोर किती आहे ते तिच्यावर कळतं. बाराशे पन्नास आलं तर बॅटरी भरलेली, अकराशे आलं तर बसलेली. हेच माप तो माणसांना लावतो. नवी सून कशी आहे? "बाराशे चाळीस. टिकंल." सरपंच कसा आहे? "अकराशे. वरनं नुसतं पानी घातलेलं." माझ्याबद्दल तो चारचौघांत सांगतो, "बबन्या बाराशे पन्नास हाय, पन टर्मिनल गंजल्यात त्याचे." म्हणजे माझ्यात दम आहे, पण बाहेरचं काही आत शिरत नाही. यातलं पहिलं खरं आहे.

आता पाण्यातल्या आगीचं. बॅटरी भरत आली की तिच्यात बुडबुडे सुटतात. ते बुडबुडे पेटतात, म्हणून गेनबाच्या दुकानात बिडी ओढायची नाही, हा त्याचा पहिल्यापासूनचा नेम. पण एक टेम्पोवाला विसरला. पेटती बिडी तोंडात घेऊन 'झाली का रं' म्हणत बॅटरीवर वाकला. फाट् असा आवाज झाला आणि टेम्पोवाला रस्त्यावर उभा. त्याच्या भुवया गेल्या, बाकी माणूस सगळा शाबूत. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. गेनबा तीन दिवस नुसता हसत फिरत होता. मला म्हणाला, "बबन्या, चाळीस वर्सं मी ही आग फुकट आभाळात सोडत हुतो."

त्यानंतर त्याला पेपरात एक बातमी सापडली. कुठंतरी पाण्यातल्या गॅसवर बस चालवून बघितली, धुराऐवजी मागून पाणी पडलं. तो सातवी शिकलेला, माझ्यापेक्षा तीन इयत्ता वर, आणि ते त्यानं मला कधी विसरू दिलं नाही. ती बातमी त्यानं दुकानातल्या देवाच्या फोटोशेजारी चिकटवली आणि वरचा शब्द बोट ठेवून मला वाचून दाखवला: हैदरजन.

आता पिरंगुटात आमचा एक हैदरभाई आहे. जुना रिक्षा मेकॅनिक, हाताला गुण. गेनबानं यंत्राच्या कामाला त्यालाच धरलं. त्यामुळे आठ दिवसांत भऱ्यात असं झालं, की हैदरनं काढलेला जो गॅस तो हैदरजन. गिरणीवाल्या सखूबाईनं हैदरभाईला रस्त्यात थांबवून विचारलं, तू काय शोध लावला म्हणं? त्यानंही सांगितलं, "लावला ना मावशी. पान्यात भिजत घातलाय. बुडबुडे यायला लागल्यात." सखूबाईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. गेनबानं हा घोटाळा निस्तरायचा प्रयत्न केला नाही. त्यालाही वाटत होतं, नावात हैदर आहे तर काहीतरी संबंध असणारच.

दुकानाच्या मागं एक निळं पिंप आलं. पिंपात पाणी, पाण्यात सोडा, सोड्याच्या पाण्यात स्टीलच्या पट्ट्या, पट्ट्यांना बॅटऱ्या जोडलेल्या. पाणी दोन नळ्यांतून बुडबुडायला लागलं. एका नळीतली हवा तो सोडून द्यायचा आणि दुसरीतली ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाच्या ट्यूबमध्ये भरायचा. गिऱ्हाईक आलं तर त्याला हातानंच 'थांब' करायचा आणि पिंपाला कान लावून ऐकायचा. बायका भात शिजल्याचा अंदाज घेतात तसा.

मला या सगळ्याचा राग होता, आणि राग येण्याचं कारणही होतं. ते सांगतो.

गेनबाची बायको हौसा. बोलायला कमी, हसायला जास्त, अशी बाई. तिचं माहेर ताम्हिणी. आईबाप गेले, भाऊ नाही, एक थोरली बहीण तेवढी तिथं आहे. तिला सगळे आक्का म्हणतात. आक्काचे पाय गेलेले, खाटेवरून हलत नाही. डोळ्यात काचबिंदू. डॉक्टरनं सांगितलंय, आहे ती नजर हळूहळू जाणार. त्या आक्काचा महिन्यातून दोनदा निरोप यायचा. कधी फोनवर, कधी दुधाच्या गाडीवाल्याकडून. निरोप एवढाच: "दिसतंय तवर येऊन जा."

आणि हौसा जात नव्हती. बारा वर्षं गेली नव्हती. ताम्हिणी काय काळ्या पाण्यावर आहे? सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाच्या आत पोचतं. पण तिला गाडी लागते. एसटी असो, जीप असो, पेट्रोलचा नाहीतर डिझेलचा वास नाकात गेला की तिचा चेहरा पिवळा पडतो आणि पहिल्या दोन वळणांत उलटी.

हे मला माहीत असायचं कारण, शेवटची ती माझ्याच जीपमध्ये बसली होती. बारा वर्षांपूर्वी. आक्काच्या लेकीचं लग्न होतं. जीपमध्ये चौदा माणसं, सगळी नटलेली. मी त्याच आठवड्यात सीटांना नवं रेक्झिन बसवलं होतं, लाल, सोनेरी काठाचं. घाट सुरू झाला आणि हौसाला गाडी लागली. हात बाहेर काढून मला थांबवेपर्यंत रेक्झिनचं व्हायचं ते झालं. मी दोन शब्द बोललो. नवी सीट होती, कुणीही बोललं असतं. मग बादलीभर पाणी मारलं आणि पुढं गेलो. लग्न झकास झालं.

तर माझं म्हणणं असं, की बायकोची बहीण डोळ्यांत प्राण आणून वाट बघतेय, आणि हा बाबा तिला घेऊन जायचं सोडून पिंपाला कान लावून बसलाय. याला काय म्हणायचं? मी त्याला तोंडावर म्हटलं. एकदा नाही, दर मंगळवारी म्हटलं, कारण मंगळवारी दुकान बंद असतं आणि त्याला निसटता येत नाही. तो म्हणायचा, "जायचं हाय. त्याचंच चाललंय." मला वाटायचं, टाळतोय.

माझा मुलगा संतोष पिरंगुटच्या कंपनीत इलेक्ट्रिकच्या खात्यात आहे. डिप्लोमा केलाय. मीच एकदा त्याला गेनबाकडे नेलं, म्हटलं, तू शिकलेला, तू समजाव. संतोषनं पिंप बघितलं, तारा बघितल्या, पेटत्या वस्तूपासून हे सगळं लांब ठेवा म्हणून दोनदा बजावलं, आणि मग सांगितलं. काका, पेपरातली बस खरी आहे. पाण्यातून गॅस निघतो हेही खरं. पण पाणी फोडायला जेवढी वीज घालता त्यातली बरीच वाटेतच जाते, उरलेली इंजिनात तापून जाते. चाकापर्यंत थोडकीच पोचते. शिवाय हा गॅस ट्यूबमध्ये भरून किती भरणार? त्या बसला लोखंडासारख्या टणक, जाड टाक्या असतात, दाबून दाबून भरलेल्या. शेवटी म्हणाला, "त्यापेक्षा काका, ती वीज सरळ बॅटरीत भरायची आणि बॅटरीवरच गाडी चालवायची. सोपं आहे. माझी चालतेच की."

दुकानात चाळीस बॅटऱ्या मांडलेल्या. त्यांच्या मधोमध गेनबा उभा. त्यानं संतोषकडे असं पाहिलं, की पोरगं एकदम अकराशेवर आलं.

"बॅटरीवर," गेनबा म्हणाला. "अरं बाबा, बॅटरीवर दिवा लागतो. हॉरन वाजतो. स्टार्टर फिरतो. गाडी पळत न्हाई. चाळीस वर्सं बॅटरीत हाय मी, मला सांगतो व्हय? आन तुज्या त्या बॅटरीत पानी किती घालत्यात?"

"पाणी घालावं लागत नाही, काका."

"मग ती बॅटरीच न्हवं. मोबाईल हाय मोठा."

यावर मी मान डोलावली. आयुष्यात आमचं दोघांचं एकमत झालं असेल तर ते त्या मिनिटाला. कारण संतोषच्या त्या गाडीवर माझाही दात होता.

आदल्या दिवाळीला त्यानं ती आणली, मला न विचारता. पांढरी, गुळगुळीत, विजेवरची. मी तरी मोठं मन केलं. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि बाजूला उभा राहून म्हटलं, "चल, कर सुरू." सगळे पाहुणे बघतायत. मी आवाजाची वाट बघतोय. तर गाडी लिंबावरून जाऊन दहा पावलं पुढं उभीसुद्धा राहिली होती, आणि मी अजून म्हणतोय, कर की सुरू. लहान-मोठं सगळं हसलं. तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला गाडी सुरू झालेली कळू नये? तिथंच, हातात फुटलेला नारळ धरून मी सांगून टाकलं, जी गाडी आवाज देत नाही तिच्यात बबन बसणार नाही. तेव्हापासून मी पिरंगुटला बसनं जातो. संतोष फाट्यावर गाडी हळू करतो, काच खाली करतो, मी दुसरीकडं बघतो.

पण एकमत गाडीपुरतं. गेनबाच्या पिंपाबद्दल मी त्याला त्याच दिवशी सुनावलं. म्हटलं, तू विहिरीतलं पाणी मोटरीनं टाकीत चढवणार, आणि टाकीतून पडणाऱ्या पाण्यावर तीच मोटर फिरवणार. मला चौथीवाल्याला कळतं हे. तो म्हणाला, तुला कळतं हे मला कळतं, पण आग ती आग. मग शब्दानं शब्द वाढला आणि पैज लागली. हैदरभाई साक्षीला.

त्याच्या दुकानापासून मारुतीच्या देवळापर्यंत दोनशे ऐंशी पावलं. मी स्वतः मोजली. तेवढं अंतर गाडी हैदरजनवर गेली, तर मी संतोषच्या गाडीत बसायचं. नाही गेली, तर गेनबानं बुडबुडे बंद करायचे आणि हौसावहिनीला ताम्हिणीला घेऊन जायचं.

"कशात?" गेनबानं विचारलं.

"कशातबी. एसटीत, टेम्पोत. तोंडाला फडकं बांध तिच्या."

तो वळला आणि परत पिंपाला कान लावून बसला. मला वाटलं, हरायला घाबरला.

गाडी म्हणून हैदरभाईनं एक जुनी रिक्षा दिली. पुढचे पंधरा दिवस दोघं तिच्यात डोकं घालून होते. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो, चूक काढायला. आणि एक गोष्ट मला चमत्कारिक वाटली. इंजिनाचं काम हैदरभाई करत होता आणि गेनबा रिक्षा धूत होता. पेट्रोलची टाकीच काढून टाकली. सांगाडा साबणानं धुतला, परत धुतला, सोड्यानं पुसला. सीटवरचं रेक्झिन उचकटून फेकलं आणि घरची सुती गोधडी चौघडी घालून तिथं शिवली. मग आत बसून डोळे मिटून नुसता श्वास घ्यायचा. परत बाहेर यायचा, परत धुवायला लागायचा. मी हैदरभाईला विचारलं, शोध इंजिनाचा आहे का सीटचा? तो म्हणाला, "त्याचं डोकं तोच जाणे. मला तर रोज म्हनतो, हात धुऊन मग ये."

ट्यूब भरायला चार दिवस लागले. चार दिवस रात्रंदिवस चार्जर चालू, गावातल्या बॅटऱ्या तशाच पडून, लोकांच्या शिव्या. रविवारी सकाळी ती काळी ट्यूब फुगून म्हशीएवढी झाली होती. रिक्षाच्या टपावर दोरीनं बांधली तेव्हा रिक्षा खाली आणि म्हैस वर, असं दिसत होतं. फाट्यावर सगळं गाव. चहावाल्यानं बाकडी बाहेर काढली. हैदरभाईनं माणसांना वीस पावलं मागं रेटलं, बिड्या विझवायला लावल्या आणि ओलं पोतं खांद्यावर टाकून उभा राहिला.

खोटं कशाला बोलू? पैज माझी होती, ती जिंकायचीच होती, पण ती म्हैस बघून मला वाटत होतं की एकदा चालू दे. इंजिन म्हटलं की माझा जीव तिकडंच जातो.

गेनबानं हाक मारली, "हौसा, ये."

हौसा दुकानाच्या मागून आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं, एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. लोक हसायला लागले. मी पुढं झालो. प्रतिस्पर्ध्याला सल्ला द्यायचा नसतो, पण राहवलं नाही. म्हटलं, "हिला कशाला घेतो? वजन वाढंल. एकटा गेलास तर मारुती गाठशील."

हैदरभाई म्हणाला, "बबनभाऊ बरोबर बोलत्यात."

"ती बसनार नसली तर चालवायची कशाला?" गेनबा म्हणाला, आणि दांडा ओढला.

काही नाही. परत ओढला. काही नाही. तिसऱ्यांदा इंजिन खाकरलं आणि गप्प झालं. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, गेनबा, पाणी उकळून घातलं का? चौथ्यांदा फाट् असा दणका झाला. झाडावरचे कावळे उडाले, कुत्री पळाली, आणि त्या दणक्याच्या मागोमाग बारीक, कोरडा, शिलाई मशीनसारखा आवाज आला. टक टक टक टक. थांबला नाही. इंजिन चालत होतं. पाण्यावर. माझ्या डोळ्यांदेखत.

गेनबानं गिअर टाकला आणि रिक्षा निघाली.

आता काय सांगावं? माणसं धावत सुटली. हैदरभाई ओलं पोतं घेऊन शेजारून पळतोय, सखूबाई गिरणी बंद करून दारात आलीय, 'हैदरची गाडी, हैदरची गाडी' म्हणून ओरडतेय. त्र्याहत्तर वर्षांचा मी धोतर आवरत मागून धावतोय आणि मोठ्यानं पावलं मोजतोय. साठ. सत्तर. टपावरची म्हैस हळूहळू वाळत चालली होती. शंभर. दीडशे. गेनबा हँडलवर इतका वाकला होता की जणू त्यानं पुढं रेललं तर ती जास्त जाईल. दोनशे. माझ्या तोंडून निघालं, "दाब, गेनबा, दाब." कुणाच्या बाजूनं आहे हेच विसरलो होतो. दोनशे वीसला आवाज विरळ झाला. दोनशे चाळीसला, बरोबर गिरणीपुढं, ट्यूब पोटात गेली आणि रिक्षा उभी राहिली.

चार दिवस भरलेली ट्यूब, आणि दोनशे चाळीस पावलं. मारुती समोर दिसत होता. चाळीस पावलांवर.

मला वाटलं, गेनबा आता इंजिन बघेल, नाहीतर डोक्याला हात लावेल, नाहीतर भांडेल. त्यानं यातलं काही केलं नाही. तो उतरला, मागं गेला, आत वाकला आणि बायकोला हळूच विचारलं, "लागली?"

गर्दीतून एकजण म्हणाला, लागली कुठं, बंद पडली की. दुसऱ्याला वाटलं, वहिनींना मार लागला, तो 'पाणी आणा' म्हणून ओरडला.

हौसा गोधडीवर ताठ बसली होती. लिंबू हातात तसंच, नख न लावलेलं. पिशवीची घडी मोडलेली नव्हती.

"न्हाई लागली," ती म्हणाली.

"वास?"

"न्हाई वो. कायबी न्हाई. पानी तापल्यासारका आला जरा." आणि ती हसली.

गेनबानं सदऱ्याच्या खिशातून स्टीलचा पेला काढला. तो त्यानं घरूनच आणला होता. सायलेन्सरखाली धरला. चार थेंब पडले, त्यानं ते हुंगले आणि पेला तिच्या नाकाशी नेला. गावानं धरलेली बोंब त्याच्या कानात शिरलीच नव्हती.

मी मात्र मी होतो. धापा टाकत पुढं झालो आणि सांगितलं, "चाळीस पावलं कमी. मी जिंकलो. आता बुडबुडे बंद. आन वैनीला ताम्हिणीला न्यायचं."

"कशात?" गेनबा म्हणाला. दुसऱ्यांदा.

मी तोंड उघडणार तेवढ्यात हौसाच बोलली. माझ्याकडे न बघता, लिंबाकडे बघत बोलली.

"भावजी, तुमीच म्हनला हुता, ह्या बाईला फिरून कुनी गाडीत घिऊ नका. जीपमदी चौदा मानसं हुती. तवापासनं गाडी दिसली की मला लाज आदी येती आन मळमळ मागनं. म्हनून ह्यांनी म्हनलं, जिला वास न्हाई अशी गाडी मी तुला करतो. मग बस. कुनी बोलनार न्हाई."

"ए, गप," गेनबा मध्येच म्हणाला. "त्याला कशाला सांगती? तसा न्हाई तो. बाराशे पन्नास हाय."

मी म्हटलं होतं तसं. शब्द न् शब्द तेच. मला आठवत नव्हतं असं नाही, मी आठवलं नव्हतं. बारा वर्षं मी त्या रेक्झिनची गोष्ट हसून सांगत होतो, आणि हा माणूस जीप होती तोवर माझी बॅटरी भरून देत होता, त्याबद्दल एका शब्दानं न बोलता.

चुकलं म्हणणं मला जमत नाही. चपला शोधल्या, धावताना एक गिरणीपाशी राहिली होती, आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच मी संतोषला उठवलं. म्हटलं, आज कामाला दांडी मार, गाडी काढ. तो डोळे चोळत बघतच राहिला. मी अंघोळ करून, टोपी घालून, त्या पांढऱ्या गाडीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसलो. गाडी निघाली कधी हे मला त्या दिवशीही कळलं नाही. मी विचारलं नाही.

फाट्यावर गेनबा दुकान उघडत होता. मला गाडीत बघून त्याच्या हातातलं कुलूप तसंच राहिलं.

"पैज तर तू जिंकलास," तो म्हणाला.

"मी चौकशी केली," मी म्हटलं. "मारुतीची हद्द गिरणीपासनं धरत्यात. जुन्या मानसांना ठावं हाय. तू जिंकला. वैनीला बोलव, आक्काकडं जायचं हाय."

हद्दबिद्द काही नव्हती. गावातलं जुनं माणूस म्हणजे मीच. ते त्यालाही माहीत होतं. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. खिडकीतून आत तोंड घालून लांब श्वास घेतला. परत घेतला. मग काचेची नळी काढून संतोषला म्हणाला, "पानी कुटं घालायचं हिला?"

"काका, हिला पाणी..." संतोष म्हणायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं. पोरगं शहाणं आहे. खाली उतरलं, पुढचं झाकण उचललं आणि काच धुवायच्या पाण्याची टाकी दाखवली. "हितं घाला, काका."

गेनबा दुकानातून डिस्टिल पाण्याचा कॅन घेऊन आला. एक थेंब न सांडता टाकी काठोकाठ भरली, झाकण दाबून बसवलं, हात सदऱ्याला पुसले.

"आता चालंल," तो म्हणाला.

हौसा आली. कालचंच हिरवं लुगडं, लिंबू, पिशवी. सवयीनं मागचं दार शोधायला लागली. मी उतरलो आणि पुढचं दार उघडून धरलं. पुढं बसलं की कमी लागते, हे तीस वर्षं जीप चालवलेल्याला माहीत असतं.

ती नव्या सीटकडे बघत उभी राहिली. पदर आवरला, पण बसेना.

"बसा, वैनी," मी म्हटलं. "ती पिशवी माज्याकडं द्या."

पिशवी घेतली आणि मी मागं गेनबाशेजारी जाऊन बसलो.